शंभरातले त्रेपन्न ‘हो’ म्हणाले. पण का?

पेटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘दादा, समलिंगी विवाहाला लोक पाठिंबा का देतात, असा विषय सिनॉप्सिससाठी घेतला तर चालेल का? आणि आपल्या भागात असं संशोधन होऊ शकतं का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिच्या गाईडनी द्यावं. दुसऱ्यावर मात्र लिहावंसं वाटलं. ‘किती’ मोजणं सोपं आणि ‘का’ शोधणं अवघड, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगला विषय मला तरी सापडलेला नाही. माझं पीएच.डी. सांख्यिकीत आहे, सर्वेक्षणातल्या मोजमापाच्या दोषांवर. समाजशास्त्रवाल्यांनी जरा सांभाळून घ्यावं.

आधी आकडा पाहू. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२३ मध्ये अनेक देशांत विचारलं की दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या विवाहाला कायद्याने मान्यता असावी का. भारतात ५३ टक्के लोक ‘हो’ म्हणाले, ४३ टक्के ‘नाही’. स्वीडनमध्ये ‘हो’ ९२ टक्के, नायजेरियात फक्त २.

त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सुप्रियो खटल्याचा निकाल दिला. विवाह करणं हा मूलभूत हक्क नाही आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात हा बदल न्यायालयाने करायचा नाही, यावर पाचही जणांचं एकमत होतं. विवाह नाही तर निदान जोडपं म्हणून काही कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर मत ३ विरुद्ध २ असं विभागलं. त्यात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल अल्पमतात राहिले. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. म्हणजे चेंडू संसदेकडे. तिथे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्येच विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. संसद लोकांकडे बघते. म्हणून लोक काय म्हणतात आणि का म्हणतात, हा प्रश्न आता नुसता परीक्षेपुरता राहिलेला नाही.

आता एक सापळा दाखवतो. याच संस्थेचे जुने आकडे आहेत: समाजाने समलैंगिकतेचा स्वीकार करावा असं म्हणणारे भारतीय २०१४ मध्ये १५ टक्के, २०१९ मध्ये ३७ टक्के. मोह काय होतो? १५, ३७, ५३ असे तीन ठिपके मांडायचे, त्यातून रेघ ओढायची आणि ‘२०३० पर्यंत ७० टक्के’ असं भाकीत ठोकून द्यायचं. सेमिनारमध्ये टाळ्या पडतील. पण पहिले दोन आकडे समाजाच्या स्वीकाराचे आहेत आणि तिसरा विवाहाच्या कायद्याचा. प्रश्न वेगळा, म्हणून मोजपट्टी वेगळी. फुटाने मोजलेलं आणि मीटरने मोजलेलं एकाच आलेखावर बसत नाही. १५ वरून ३७ ही तुलना मात्र करता येते, आणि मधे ६ सप्टेंबर २०१८ चा, कलम ३७७ बद्दलचा निकाल आहे हेही खरं. पण ‘मधे आहे’ आणि ‘त्यामुळे झालं’ या दोन वाक्यांमध्ये अख्खा प्रबंध मावतो.

मग ‘का’ची उत्तरं कोणती दिली जातात?

सगळ्यात आधी सुचतं ते वय. तरुण जास्त उदार, म्हातारे गेले की मत बदलतं. ऐकायला पटतं. अमेरिकेत १९८८ मध्ये याला पाठिंबा जेमतेम ११-१२ टक्के होता, तो २०१८ मध्ये ६८ टक्क्यांवर गेला. तीस वर्षांत इतकी माणसं बदलत नाहीत! तिथल्या अभ्यासकांनी एकेका पिढीला धरून हिशेब केला. १९५० च्या आसपास जन्मलेल्यांचं १९८८ मध्ये मत काय होतं, आणि त्याच वयोगटाचं वीस-पंचवीस वर्षांनी काय? असं पाहिल्यावर लक्षात आलं की बदलाचा मोठा वाटा त्याच पिढ्यांतल्या लोकांनी मत बदलल्याचा आहे. पिढी बदलल्याचा वाटा त्यापेक्षा कमी. ही पद्धत शिकून ठेवा, हुंड्यापासून आंतरजातीय विवाहापर्यंत कुठेही वापरता येते.

मग धर्म. ज्या देशांत धर्माला महत्त्व देणारे कमी, तिथे पाठिंबा जास्त, हे देशादेशांच्या तुलनेत दिसतं. पण भारतात धर्म फार महत्त्वाचा मानणारे बहुसंख्य असूनही निम्म्याहून अधिक लोक ‘हो’ म्हणाले. म्हणजे देशांच्या तुलनेतून निघालेला नियम एकेका माणसाला लावला की फसगत होते.

आणि मग ‘हे जन्मजात आहे, निवड नाही’ असं मानणं. असं मानणारे जास्त पाठिंबा देतात, हे अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांत आढळलं. पण दिशा कोणती? जन्मजात वाटतं म्हणून पाठिंबा, की आधीच पाठिंबा आहे म्हणून जन्मजात हे स्पष्टीकरण जवळचं वाटतं? एकदाच केलेल्या सर्वेक्षणातून हे कळणं अशक्य.

सगळ्यात ताकदीचं उत्तर आहे ओळखीचं. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं की दोन गटांतली माणसं बरोबरीच्या नात्याने, एका कामासाठी एकत्र आली तर पूर्वग्रह कमी होतो. (आपला विशेष विवाह कायदाही १९५४ चाच. योगायोग, पण पेटला उपयोगी पडेल.) पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये पाचशेच्या वर अभ्यास एकत्र करून तपासले, आणि ओळख वाढली की पूर्वग्रह घटतो हे सर्वसाधारणपणे टिकलं. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे ‘स्वीकार’ हा पालकांचा गट. समलिंगी, ट्रान्सजेंडर मुलामुलींच्या चारशेहून अधिक आईवडिलांनी एप्रिल २०२३ मध्ये, खटला चालू असताना, सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं की आमच्या लेकरांना विवाहाचा हक्क द्या. स्वतःच्या लेकरामुळे मत बदललेली माणसं याहून जवळ कुठे सापडतील?

पण सांख्यिकीवाला इथे अडतो. एखादा मुलगा स्वतःबद्दल सांगतो कुणाला? जो समजून घेईल असं वाटतं त्याला. चिडक्या काकाला तो सांगतच नाही. मग ‘ज्यांच्या ओळखीत समलिंगी व्यक्ती आहे ते जास्त पाठिंबा देतात’ या वाक्यात ओळखीमुळे मन मोकळं झालं, की मोकळं मन होतं म्हणून ओळख कळली? हे सोडवायला प्रयोग लागतो: कुणाला ओळख घडवायची आणि कुणाला नाही, हे नाणं उडवून ठरवायचं.

असा प्रयोग झाला, आणि त्याची गोष्ट संशोधनात येणाऱ्या प्रत्येकाने वाचावी.

डिसेंबर २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मायकेल लाकूर या पीएच.डी. विद्यार्थ्याचा आणि कोलंबिया विद्यापीठाचे नामवंत प्राध्यापक डोनाल्ड ग्रीन यांचा शोधनिबंध आला. दावा असा: लॉस एंजेलिस भागात कार्यकर्ते दारोदार गेले, सुमारे वीस मिनिटं समलिंगी विवाहावर बोलले. बोलणारी व्यक्ती स्वतः समलिंगी असेल आणि तिने आपली गोष्ट सांगितली, तर ऐकणाऱ्याचं मत बदललं. तो बदल महिनोन्महिने टिकला, इतकंच काय, घरातल्या इतरांपर्यंतही पोचला. जगभर बातम्या झाल्या. लाकूरला प्रिन्स्टनमध्ये नोकरी मिळायची होती.

डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला हे दोघे बर्कलीचे तरुण संशोधक. त्यांना निबंध आवडला होता, खोटा पाडायचा नव्हता. तसाच प्रयोग पुढे न्यायचा म्हणून त्यांनी काम सुरू केलं, तर पहिल्याच टप्प्यात लोकांचा प्रतिसाद लाकूरने सांगितलेल्यापेक्षा फारच कमी. आपलं काय चुकतंय हे विचारायला त्यांनी सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीशी संपर्क साधला. कंपनीने सांगितलं, असा प्रकल्प आम्ही केलेलाच नाही. मग त्यांनी येलच्या पीटर आरोनाव यांच्यासोबत आकडे उघडून पाहिले. पहिल्या फेरीतली उत्तरं आधीच उपलब्ध असलेल्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणाशी जवळपास तंतोतंत जुळत होती. पुढच्या फेऱ्यांत माणसांची उत्तरं इतकी स्थिर होती की खऱ्या माणसांची तशी नसतात. खरा माणूस आज ६० गुण देतो, उद्या ७०, परवा सर्दी झाली म्हणून ५०. स्वच्छ डेटा दिसला की खूश होण्याआधी हे आठवा.

मे २०१५ मध्ये त्यांनी अहवाल प्रसिद्ध केला. मूळ डेटा स्वतः कधी न पाहिलेल्या ग्रीन यांनी निबंध मागे घेण्याची विनंती केली, आणि त्याच महिन्यात ‘सायन्स’ने तो मागे घेतला. प्रिन्स्टनची नोकरीही गेली. ज्यांनी हे उघड केलं ते तेव्हा करिअरच्या अगदी सुरुवातीला होते. अशा वेळी ‘मोठ्या माणसांशी वैर नको’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, आपल्याकडेच मिळतो असं समजू नका.

पण खोटा निबंध पडला म्हणजे कल्पना खोटी ठरली का? नाही. फक्त तिला पुरावा उरला नाही. ब्रूकमन आणि काला यांनी खरा प्रयोग केला आणि एप्रिल २०१६ मध्ये त्याच ‘सायन्स’मध्ये छापला. फ्लोरिडातल्या मायामी भागात ५०१ मतदार, सुमारे दहा मिनिटांचं दारातलं बोलणं. काहींशी ट्रान्सजेंडर लोकांविषयी, आणि तुलनेसाठी इतरांशी कचऱ्याच्या पुनर्वापराविषयी. कुणाशी काय बोलायचं हे यादृच्छिक, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. पूर्वग्रह कमी झाला आणि तीन महिन्यांनंतरही तो परिणाम दिसत होता. पण एक फरक पडला: बोलणारा स्वतः ट्रान्सजेंडर असो वा नसो, परिणाम होत होता. म्हणजे निव्वळ ‘तो’ माणूस समोर दिसण्यापेक्षा कसं बोललं गेलं यात जास्त ताकद होती. कार्यकर्ते भाषण देत नव्हते. ‘तुम्हाला कधी वेगळं म्हणून वागवलं गेलं का?’ असं विचारून ते ऐकत होते. पुढच्या प्रयोगांतही हेच वर आलं, की न टोचता ऐकणं आणि अनुभवांची देवाणघेवाण हा या पद्धतीतला चालणारा भाग. अर्थात हा प्रयोग विवाहावर नव्हता आणि अमेरिकेतला होता. तो जसाच्या तसा उचलून लातूरला आणता येत नाही.

कायद्यामुळे मन बदलतं का, यावरही थोडक्यात. अमेरिकेत २६ जून २०१५ च्या निकालाने देशभर समलिंगी विवाह वैध झाला. टँकर्ड आणि पालुक यांनी त्याच्या आधी आणि नंतर लोकांना विचारलं. ‘बाकीच्या लोकांचा याला पाठिंबा आहे’ असं वाटणं वाढलं, पण स्वतःचं मत लगेच बदललं नाही. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या गावांत माणूस स्वतःच्या मताआधी ‘लोक काय म्हणतील’चा अंदाज घेतो, आणि कायदा आधी तो अंदाज हलवतो.

आता किल्लारी.

किल्लारीच्या माणसाला सर्वेक्षण म्हणजे काय हे समजावावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर इथे पंचनामेवाले आले, भूगर्भवाले आले, विद्यापीठांचे विद्यार्थी आले, अजूनही येतात. माझा जन्म त्यानंतरचा, पुनर्वसित गावातला. नवी घरं जमिनीच्या प्रमाणात मिळाली: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. आपण दिलेल्या उत्तरावर घराचा आकार ठरतो हे ज्या गावाने पाहिलंय, तिथे वही घेऊन आलेल्याला लोक मनातलं सांगतील की त्याला हवं ते, याचा विचार आधी करायला हवा.

दुसरी अडचण अंगणाची. इथे एकट्याची मुलाखत होत नाही. तुम्ही ताईंना प्रश्न विचारता, उत्तर भाऊजी देतात, शेजारच्या आत्याबाई दुरुस्ती करतात आणि पोरं मोबाइल बंद करून ऐकायला लागतात. अमेरिकेत शंका अशी होती की लोक विरोध लपवतात, सभ्य दिसावं म्हणून ‘हो’ म्हणतात. तिथे आडून विचारून पाहिलं तर तसं फारसं आढळलं नाही. आपल्याकडे उलटं होण्याची शक्यता मला जास्त वाटते. पारावर पाठिंबा लपवला जाईल. म्हणजे मोजलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी येईल.

आडून विचारायची पद्धत सोपी आहे. निम्म्या लोकांना तीन वाक्यं द्या: ग्रामसभेला हजेरी सक्तीची करावी, लग्नात डीजेला बंदी असावी, सोयाबीन सोडून तुरीकडे वळावं. किती वाक्यं पटतात तेवढाच आकडा सांगा, कोणती ते सांगू नका. उरलेल्या निम्म्यांना हीच तीन आणि चौथं: दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना लग्नाचा कायदेशीर हक्क असावा. समजा पहिल्या गटाची सरासरी १.५ आली आणि दुसऱ्याची १.९, तर फरक ०.४, म्हणजे ४० टक्क्यांना चौथं वाक्य पटतं. कोणाला ते कळत नाही, आणि तेच हवं आहे. मात्र तिन्ही वाक्यं सगळ्यांनाच पटणारी निवडलीत, तर दुसऱ्या गटात ‘चार’ म्हणणारा लगेच उघडा पडतो. म्हणून डीजे हवा. डीजेवर गावात कधीच एकमत होत नाही.

आणि ओळखीचा सिद्धांत? इथे तो अडखळतो. ‘आपल्याकडे असं कुणी नाही’ हे वाक्य मी किल्लारीत, औशात, नांदेडच्या होस्टेलमध्ये ऐकलंय. आहेत ते पुण्या-मुंबईला निघून जातात, किंवा इथेच लग्न करून गप्प बसतात. ज्यांच्यामुळे ओळख घडायची तीच माणसं गावात दिसत नाहीत, मग मत बदलणार कसं? एक वाट गोष्टीची आहे. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा मराठी चित्रपट २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांचा सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुंबईचा तरुण आणि गावातला शेती करणारा मित्र, अशी ती कथा. पडद्यावरच्या माणसाशी झालेली ओळखही पूर्वग्रह कमी करते का, यावर बाहेर अभ्यास झालेत. मराठीत हा विषय कुणीतरी घ्यायला हवा.

दुसरी वाट मला कागदाची वाटते. हे माझं निरीक्षण आहे, निष्कर्ष नाही. गावात ‘दोन पुरुषांचं प्रेम’ असा विषय काढला की हशा होतो. पण माझ्या शाळेतल्या एका मित्राची गोष्ट सांगितली की हशा थांबतो. तो पुण्यात जोडीदाराबरोबर सहा वर्षं राहतो. जोडीदाराला रात्री ॲडमिट करावं लागलं, तर दवाखान्यातल्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यात काय लिहायचं म्हणून अडला. शेवटी ‘मित्र’ लिहिलं. सहीसाठी परभणीहून भाऊ येईपर्यंत थांबायला सांगितलं गेलं. हे ऐकून माझी आजी एवढंच म्हणाली की सहा वर्षं ज्यानं केलं त्याची सही का चालत नाही. तिने समलिंगी विवाहाला पाठिंबा दिला का? प्यूच्या प्रश्नावर ती बहुधा ‘नाही’ म्हणेल. पण भूकंपानंतर कोण कुणाचा वारस हे सिद्ध करताना माणसांची काय दमछाक होते ते तिने बघितलंय. नातं कागदावर नसणं म्हणजे काय, हे तिला समजावावं लागत नाही.

विवाह नसला की असेच रकाने अडतात. हिंदू उत्तराधिकार कायद्यात असा जोडीदार वारस नाही. मृत्युपत्र केलं तरच काही मिळतं. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. रेशनकार्डासाठी त्यांना एकच कुटुंब धरावं असंही राज्यांना कळवलं गेलं. आपल्या भागातल्या बँकेच्या शाखेत, रेशन दुकानात हे पोचलंय का? हाही एक सरळ, करता येण्यासारखा प्रश्न आहे, आणि त्यात कुणाचं खासगी आयुष्य उघडं पडत नाही.

तर त्या विद्यार्थिनीला: विषय घे, पण ‘पाठिंबा’ एका प्रश्नात मोजू नकोस. निदान चार वेगळे ठेव: लग्नाचा कायदा, दवाखान्यातली सही, वारसा, आणि स्वतःच्या घरातल्या मुलामुलीचं असेल तर. माझा अंदाज, सहीला ‘हो’ म्हणणारे सगळ्यात जास्त निघतील आणि शेवटच्याला सगळ्यात कमी. या दोन आकड्यांमधलं अंतर हाच खरा प्रबंध. उत्तरं टॅबवर घे, प्रश्न हेडफोनवर ऐकव, म्हणजे अंगणातल्यांना कळणार नाही. ‘तुमच्या ओळखीत असं कुणी आहे का’ या प्रश्नाचं उत्तर फक्त हो किंवा नाही. नाव, गल्ली, नातं काहीही लिहून घेऊ नकोस, उत्तर देणारा आपणहून सांगत असला तरी. चार हजार वस्तीच्या गावात ‘बँकेत कामाला असलेला पुतण्या’ एवढं लिहिलं तरी माणूस सापडतो.